गच्चीवरचा लोड

मे महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी दहा. जागा: आमच्या अपार्टमेंटचं पार्किंग. हजर: तळमजल्यावरचे ट्रान्सपोर्टवाले भाई, पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर, दुसऱ्या मजल्यावरची मी, म्हणजे सोसायटीची सेक्रेटरी, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या अक्का. बाकीच्या दोन फ्लॅटवाल्यांनी ‘तुम्ही ठरवाल ते मान्य’ असा निरोप धाडला होता. विषय एकच: लोड.

शब्द आमच्या रोजच्या वापरातला. भाईंची गाडी लोड झाली की ते घरी जेवायला येतात. उन्हाळ्याच्या दुपारी लाइट गेली की मास्तर गॅलरीतून जाहीर करतात, “लोड आला वाटतं.” माझ्या ऑफिसातला कॉम्प्युटर सकाळचा बराच वेळ नुसता लोडच होत असतो. पुण्याची माझी मुलगी फोन ठेवताना, एखाद्यानं रामराम म्हणावं तसं, “आई, लोड घेऊ नको” म्हणते. लहानपणी मला एकच लोड माहीत होता, बैठकीतला, पांढऱ्या अभ्र्यातला, पाहुण्यांनी पाठ टेकायचा. तो शब्द आपला, इंग्रजी नव्हे, असं मास्तर म्हणतात. असेल. पण भार घ्यायचं काम तोही करायचा. या सगळ्यांशी आमचं व्यवस्थित चाललं होतं. डोक्यावर ठेवलेल्या लोडचा विचार मात्र आमच्यातल्या कुणी केला नव्हता.

आम्ही राहायला आलो तेव्हा गच्चीवर सिमेंटची एकच टाकी होती आणि ती पुरायची. पुढे सोलापुरात पाणी दिवसाआड झालं, मग आणखी लांबलं. भाईंनी आपली वेगळी काळी टाकी आणून बसवली. मग मास्तरांनी. मग आम्ही सगळ्यांनीच. ज्यांच्याकडे लग्नकार्य झालं त्यांनी तेव्हा आणखी एक आणली, ती तिथंच राहिली. प्लंबर म्हणाला, पाइप ज्या कोपऱ्यातून वर येतो तिथंच सगळ्या ठेवा, पाइप कमी लागेल. सगळ्यांना पटलं. त्या कोपऱ्याच्या खाली अक्कांची झोपायची खोली आहे. त्या खोलीच्या खाली माझी.

अक्का सत्तरीच्या, एकट्या राहतात. त्यांचे यजमान यंत्रमागावर होते, त्या स्वतः अगदी परवापरवापर्यंत विड्या वळायच्या. मुलगा आणि सून भिवंडीला. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. एप्रिलच्या शेवटी त्या खाली माझ्याकडे आल्या त्या हातात चुन्याचं ढेकूळ घेऊनच.

“हे उशीवर पडलं. मी उठले होते म्हणून बरं.”

वर जाऊन पाहिलं. पलंगाच्या बरोबर वर, पंख्याच्या हुकापासून भिंतीपर्यंत भेग गेली होती. प्लास्टर सुटलं होतं तिथं सळई दिसत होती, गंजून फुगलेली.

“आवाज पण येतोय,” अक्का म्हणाल्या. “वर पाणी चढलं की कट् म्हणतंय. पाणी उतरलं की गप.”

भाईंच्या ओळखीचा एक तरुण इंजिनिअर आला. त्यानं हातोडीनं छत ठोकून पाहिलं, गच्चीवर जाऊन टाक्या पाहिल्या, आणि जिन्यातच आम्हाला थोडक्यात समजावलं. इमारतीचं स्वतःचं वजन म्हणजे डेड लोड. माणसं, सामान, जे येतं-जातं, तो लाइव्ह लोड.

“मग पाणी कशात धरायचं?” मास्तरांनी विचारलं. त्यांना अजून वर्गात असल्यासारखे प्रश्न पडतात.

“टाकी रिकामी होत असेल तर लाइव्हमध्ये. तुमच्या टाक्या रिकाम्या कधी असतात?”

भाईंची छाती फुगली. “कधीच नाही, साहेब. अख्ख्या गल्लीत बोंब असते, पण आपल्या बिल्डिंगमध्ये पाणी संपलं असं एकदा झालेलं नाही. विचारा भाभींना.”

मीही मान डोलावली. खरंच होतं ते. पाण्याच्या दिवशी आमच्याकडे कळशी, बादल्या, कुकरसुद्धा भरला जातो. शिळं पाणी झाडांना घालून त्याच भांड्यांत ताजं घेतात.

“मग डेडच धरायचा,” इंजिनिअर म्हणाला.

त्यानं भेगेवर आडवी काचेची एक अरुंद पट्टी प्लास्टरनं चिकटवली. पट्टी तडकली तर स्लॅब हलला असं समजायचं आणि त्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही. टाक्या तिथून हलवून, खाली खांब आहेत तिथं, लोखंडी स्टँडवर बसवायच्या. तोवर कुठलीही टाकी निम्म्याच्या वर भरायची नाही.

म्हणून ती रविवारची मीटिंग. ठराव तीन मिनिटांत झाले. टाक्या हलवायच्या, मंजूर. निम्म्याच भरायच्या, मंजूर. अक्कांनी तोवर पुढच्या खोलीत झोपायचं.

“तिथं वारं नाही,” अक्का म्हणाल्या.

“अक्का, वारं पाहिजे का डोस्कं पाहिजे?” भाई म्हणाले. “गाडीत जास्ती माल भरला तर चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे आवाज देतात. आवाज दिला की ड्रायव्हर गाडी बाजूला घेतो. तुमचं छत आवाज देऊ लागलंय.”

“तुमच्या गाड्या तर रोज जास्ती भरूनच जातात,” मास्तर म्हणाले.

“म्हणून तर सांगतोय ना, सर!”

सगळे हसले. अक्काही हसल्या. मी ठरावाखाली सह्या घेतल्या.

बुधवारी दुपारी पाणी आलं. मोटारी सुरू झाल्या, जिन्यात तो ओळखीचा घुमणारा आवाज भरला. मोटारी बंद झाल्यावर मी गच्चीवर गेले. ऊन असं होतं की टाकीचं झाकण हाताला भाजत होतं. पहिली टाकी उघडली: काठोकाठ. दुसरी, काठोकाठ. प्रत्येक झाकणाखाली तेच काळं, स्थिर पाणी. पहिली तर माझीच होती. मोटार माझ्या नवऱ्यानं लावली होती आणि मी घरातच होते.

शेवटची टाकी अक्कांची. तीही गळ्यापर्यंत.

मी तशीच खाली त्यांच्या दारात. “अक्का, तुमची पण? त्याच्या खाली अजून तुम्हीच झोपता ना?”

“पाणी आलं की, बाई,” त्या म्हणाल्या. “येत असलेलं पाणी बंद कसं करू? हात जात नाही.”

माझाही गेला नव्हता.

भाईंनी हमाल ठरवले. अट एकच: टाक्या रिकाम्या पाहिजेत. पुढच्या पाण्याच्या दिवशी सकाळी, म्हणजे पाणी तळाला गेलेलं असेल तेव्हा, चौघंजण दोरखंड घेऊन आले. मुकादमानं पहिल्या टाकीला खांदा लावून पाहिलं आणि बाजूला झाला.

“बाई, ह्यात निम्मं पाणी हाय की. दुसरी बघू. हीबी तशीच. रिकामी आमी उचलतो, भरलेली न्हाय.”

“सोडून देऊ या,” मी म्हणाले. “खालचे कॉक उघडा.”

कुणीच वाकलं नाही. मास्तर म्हणाले, आधी बादल्या तरी भरून घेऊ. भाई म्हणाले, पाणी आज आलं नाही तर? घरात पाहुणे आहेत. एवढ्यात खालून गल्लीतून आरोळी आली, “पाणी आलं!” वेळेच्या बरंच आधी. भाई जिन्याकडे पळाले, त्यांच्यामागे मास्तर. सगळ्यात पुढं अक्का होत्या, गुडघे धरत, भिंतीला हात लावत.

मोटारी सुरू झाल्या. मुकादमानं दोरखंड गुंडाळला. “रिकाम्या झाल्या की फोन करा.”

दुपारी अक्कांनी वरून मला हाक मारली. आवाज नेहमीचाच होता. पण पहिल्यांदाच त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. छतावरची काचेची पट्टी मधोमध तडकली होती. दोन्ही तुकडे प्लास्टरला धरून होते, मध्ये केसाएवढी फट. पलंगावर चादर नीट घातलेली, उशीवर बारीक पांढरी भुकटी.

भाईंनी आणि माझ्या नवऱ्यानं पलंग पुढच्या खोलीत ओढला. मी आतल्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली अक्कांकडे न देता माझ्याकडे ठेवली. आमचाही पलंग हॉलमध्ये आणला. इंजिनिअरला फोन केला. तो म्हणाला, “टाक्या आजच्या आज रिकाम्या करा. पाणी जाऊ द्या, काही होत नाही.” तो पुण्याचा आहे.

मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, “लोड…” आणि मध्येच थांबली. मग म्हणाली, “आई, तुम्ही दोघं काही दिवस इकडे या.”

“आणि अक्का?” मी विचारलं.

संध्याकाळी मी एकटी गच्चीवर गेले. रांगेतली पहिली टाकी माझीच आहे. सेक्रेटरीनं सुरुवात केली तर बाकीचे करतील, हे मला माहीत आहे. वाकून खालचा कॉक धरला. पितळ गार लागत होतं, आत पाणी असल्यानं. तेवढ्यात मोबाइलवर गल्लीच्या ग्रुपचा मेसेज आला, पाइपलाइनच्या कामामुळे पुढचं पाणी लांबणार, किती ते नक्की नाही. खाली भाईंच्या घरातून कुणीतरी तो मोठ्यानं वाचून दाखवत होतं.

मुकादमाचा नंबर माझ्याकडे आहे. स्टँड बनून खाली पार्किंगमध्ये उभे आहेत. अक्कांची खोली रिकामी केली, माझी केली. टाक्या रिकाम्या करायच्या राहिल्या आहेत. कॉक अजून बंदच आहे.