वडाला न टांगलेली वार

नुकत्याच व्यालेल्या गाईच्या गोठ्याला एक ऊबदार, ओलसर वास असतो. रक्ताचा, पेंढ्याचा आणि चुलीवर गुळात शिजणाऱ्या बाजरीचा मिळून झालेला. शहरी नाकाला तो उग्र वाटेल, पण मला त्यात एक आदिम मांगल्य जाणवतं. तळेगावच्या शाळेत दिवसभर खडूची धूळ खाऊन कार्ल्याजवळच्या आमच्या घरी परतावं, आणि फाटकातूनच त्या वासानं सांगावं की चंद्री व्याली! याहून मोठं सुख कुठलं? आता मात्र तो वास आठवला की जीव कासावीस होतो. का, ते तुम्हांला म्हणून सांगते.

चंद्री माझ्या थोरल्या जाऊबाईंची गाय. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. अक्कांना मूलबाळ नाही, त्यामुळे त्यांची सगळी माया गोठ्यात वाहते. गाय व्याली की वासरामागून जी वार, म्हणजे गर्भाचं वेष्टण, पडते, ती पोत्यात गुंडाळून त्या रस्त्याकडेच्या वडाला उंच टांगायच्या. वडाला चीक, गाईच्या पहिल्या दुधालाही चीकच म्हणायचं. चिकाच्या झाडाला वार बांधली की गाईला दूध लागतं, अशी त्यांची साधी श्रद्धा. शब्द एकच, म्हणून नातंही एकच! मला त्यातलं काव्य कळत होतं हो, पण एकदा चंद्री व्याली, आणि त्याच रविवारी माझ्या शाळेतल्या मैत्रिणी खरवस खायला यायच्या होत्या. “अक्का, ते ओंगळ गाठोडं झाडाला नका टांगू. लोक काय म्हणतील?” मी म्हटलं. “बरं बाई, तू शिकल्याली,” म्हणत त्यांनी वार उकिरड्यात टाकली. ती ओढून खाल्ली आमच्या भुरनूनं.

हा भुरनू म्हणजे ब्रूनो. लोणावळ्याच्या कुठल्याशा बंगलेवाल्यांनी सोडून दिलेला कुत्रा. दया येऊन मीच घरी आणला होता. त्याचं बारसं अक्कांनी आपल्या जिभेच्या सोयीनं केलं. पेंढ्याच्या ढिगावर तो राजासारखा लोळायचा, तिथंच घाणही करायचा, आणि आम्ही कौतुकानं हसायचो. करुणेलाही डोळे असावे लागतात, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं?

पुढच्या खेपेला चंद्री सहाव्या महिन्यात गाभडली. केसही न फुटलेलं ते वासरू अक्कांनी स्वतःच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून पुरलं. आदल्याच आठवड्यात चंद्री भाताच्या बांधावरून जरा घसरली होती. आणि मी, चार बुकं शिकलेली मी, त्यांना म्हणाले, “गाभण गाईला बांधावरून कशाला नेलीत? तुमच्यामुळंच गेलं ते.” जीभ कशी झडली नाही माझी! अक्का नुसत्या म्हणाल्या, “व्हय, माजंच चुकलं.” त्या दिवसापासून त्यांनी दुधाचा चहा सोडला.

डॉक्टरांनी चंद्रीचं रक्त तपासायला पाठवलं होतं. अहवाल सांगायला ते आले तेव्हा घरी मी एकटीच होते. निओस्पोरा नावाचा एक सूक्ष्म परोपजीवी, डोळ्यांना न दिसणारा. कुत्रा वार खातो, त्यातून तो कुत्र्याच्या पोटात जातो. कुत्र्याच्या विष्ठेतून चाऱ्यावर, चाऱ्यातून गाईत, आणि गाईतून थेट गर्भात. औषध नाही. “कुत्रा आहे का घरी? वार कुठं टाकता?” त्यांनी विचारलं, आणि मला उकिरड्यातली ती वार आठवली. “याच कुत्र्यामुळं झालं असं ठाम नाही सांगता येणार. गाईला जन्मतः आईकडूनही येतो हा आजार,” असंही ते म्हणाले. त्या एका वाक्याच्या आडोशाला मी वर्षभर लपले. चावतो, अशी थाप मारून भुरनूला तळेगावच्या एका सोसायटीच्या वॉचमनकडे देऊन टाकलं. अपराध माझा आणि वनवास मुक्या जनावराला! अक्कांना मात्र एक अवाक्षर सांगितलं नाही.

परवा कळलं की चंद्री पुन्हा गाभण आहे. अक्कांनी तिला दावणीवरून सोडायचंच बंद केलं. देहूरोडला सख्ख्या भाचीचं लग्न होतं, तिकडंही त्या गेल्या नाहीत. आपली नजर हटली तर पुन्हा पाय घसरेल, हे भय. मग मला राहवेना. गोठ्याच्या उंबऱ्यात बसून मी त्यांना वार, कुत्रा, पेंढा, सारं सांगितलं.

त्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. “म्हंजी बांधावरनं घसरल्यानं न्हाई गेलं वासरू?”

“नाही, अक्का. तुमची काही चूक नव्हती.”

शिव्या खायला मी तयार होते. नव्हे, मला त्या हव्याच होत्या. पण पदरानं डोळे पुसत त्या एवढंच म्हणाल्या, “ह्ये सांगाया वरीस लागलं व्हय गं, मास्तरीणबाई? रोज सकाळी उठून मी त्या गाईच्या पाया पडत व्हते.”