तारेखालचा विसावा

पडदा वर जातो, तेव्हा समोर फक्त एक माळ आहे. मागे टेकडी, आणि टेकडीच्या खांद्यावरून चाकणच्या कारखान्यांचे पत्रे दिसताहेत. सकाळच्या उन्हात ते तळ्यासारखे लकाकतात. माळाच्या मधोमध एक सपाट खडक. खडकावर एक तरुण बाई मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली आहे आणि गोड हिंदीत कुणाला तरी समजावते आहे की वडिलांच्या ऑपरेशनचा विमा मंजूर होईल, राहिलेले कागद तेवढे पाठवा. तिच्या पाठीशी दुसरी बाई उभी. सावळी, उंच, नऊवारी नेसलेली. हातात मोठी काळी छत्री. ती छत्री तिने स्वतःवर धरलेली नाही, त्या तरुणीवरही नाही. लॅपटॉपवर धरली आहे. ऊन सरकेल तशी छत्री सरकते. वारा आला की छत्री फुगते आणि ती बाई पाय रोवून उभी राहते.

दुर्गाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. गुडघ्यांनी साथ सोडल्यावर सांगवीतली खोली आवरून मी भाचीच्या रिकाम्या घरात, या वाडीत, राहायला आले होते. उभं आयुष्य नाटकांच्या विंगेत काढल्यामुळे मला एक गोष्ट कळते. ज्याच्यावर उजेड पडलाय त्याच्याकडे सगळे बघतात; उजेड धरणाऱ्याकडे कुणी बघत नाही. मी त्या दिवशी छत्रीकडेच बघत राहिले.

आमची वाडी टेकडीच्या कुशीत आहे. पलीकडे अजस्र कंपन्या, त्यांचे कंटेनर, शिफ्टच्या बसगाड्या. आणि अलीकडे फोनला एक काडी रेंज नाही. रेंज फक्त त्या खडकावर. वाडीत कुणालाही कुठेही बोलायचं असलं की तिथे चढायचं. त्या खडकावर लग्नं जमली, मोडली, नोकऱ्या लागल्या, एका बाईने नवऱ्याला दुबईपर्यंत ऐकू जाईल असं सुनावलं. सगळं उघड्यावर. वाडीत गुपित असं काही उरलंच नव्हतं. संध्याकाळी माणसं त्या खडकाभोवती हात वर करून फिरायची तेव्हा लांबून वाटायचं, कुणी तरी आकाशातून काहीतरी अलगद खाली सोडणार आहे आणि हे ते झेलायला आलेत.

खडकावर बसायची ती दुर्गाबाईंची सून, पूनम. तिचं विम्याचं काम घरून चालायचं. खरं म्हणजे खडकावरून चालायचं. एकदा तिच्या बोलण्यात शेळी ओरडली आणि पलीकडच्या गृहस्थाने विचारलं, हे हॉस्पिटल आहे की गोठा? झालं. तिच्या साहेबांनी सांगितलं, घरात वेगवान लाइन घ्या, ती काही आठवडे न तुटता चालली पाहिजे, नाहीतर रोज हिंजवडीच्या ऑफिसात या. हिंजवडी म्हणजे चिखलीत भाड्याचं घर. चिखली म्हणजे पूनम जाणार, दुर्गाबाईंचा मुलगा अजिंक्य जाणार, आणि आजीच्या कुशीशिवाय डोळा न मिटणारी चार वर्षांची पिंकी जाणार. घरात राहणार दुर्गाबाई आणि त्यांचे मालक दत्तोबा, जे दिवसाला मोजके शब्द बोलतात, तेही बैलांशी.

दुर्गाबाईंनी रडणं-बिडणं काही केलं नाही. त्या खालच्या गावात इंटरनेटवाल्याच्या दुकानी जाऊन बसल्या. तो म्हणाला, एका घरासाठी एवढ्या लांब तार आणणं परवडत नाही, वाडीच लाइन घेत असेल तर बघू. त्यावर दुर्गाबाईंनी जे केलं ते शहरातल्या कुणाला सुचलं नसतं. त्यांनी कुंकवाचा करंडा घेतला आणि संक्रांतीचं आमंत्रण द्यावं तशा घरोघर फिरल्या. प्रत्येक बाईच्या कपाळाला कुंकू लावायचं आणि म्हणायचं, आमच्या पूनमबरोबर तुमी बी लाइन घ्या. कुंकू लावून घेतल्यावर नाही कसं म्हणणार? माझ्याकडेही आल्या. मला त्या लाइनवर काय बघायचं होतं कोण जाणे, पण मीही हो म्हटलं.

मग तार ओढायला प्रज्वल आला. मूळचा बीडकडचा, खांबावर खारीसारखा चढणारा. त्याने तारेचं टोक सोलून दुर्गाबाईंना दाखवलं, आत केसाइतकी बारीक काच. दुसऱ्या टोकाने त्याने उजेड सोडला, आणि त्या केसाच्या अग्रावर तांबडा ठिपका उमलला.

दुर्गाबाई बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत होत्या. "म्हंजी ह्यातनं करंट न्हाई, उजेड जातो?"

"उजेडच जातो की काकू. तुमच्या दारापासून साता समुद्रापार."

त्यांनी खांबाला हळदकुंकू वाहिलं.

आता चूक कुठे झाली ते सांगते. विहिरीजवळ रस्ता अरुंद होतो. तिथेच तार रस्ता ओलांडून वाडीत शिरते. प्रज्वलने रीतसर विचारलं होतं, या रस्त्याने सगळ्यात उंच काय जातं? कुणी म्हणालं कडब्याचा ट्रक, कुणी म्हणालं कंटेनर. त्याने त्याहून वर तार ओढली. सगळ्यांनी माना डोलावल्या. दत्तोबाही तिथेच होते. देव त्या रस्त्याने जातो, हे कुणाच्याही मनात आलं नाही. वाहनांमध्ये देवाला कोण मोजणार?

चैत्रात आमच्या भैरवनाथाची काठी निघते. तीन मजली घराएवढा बांबू, तांबड्या-हिरव्या कापडांनी वेढलेला, शेंड्याला मोरपिसांचा तुरा. खालच्या देवळात ती उभी करतात आणि वाडीवरून टेकडीवरच्या देवाच्या ठाण्याला नेतात. कमरेच्या पट्ट्यात ती पेलायचा मान दत्तोबांचा. एकदा उभी राहिलेली काठी कलू द्यायची नाही. कलली तर ते साल गावाला जड जातं असं मानतात. वाटेत ती एकदाच खाली घेतात, विसाव्याला. तो विसावा दुर्गाबाईंच्या अंगणात. घोंगडी अंथरायची, काठीवाल्याच्या पायांवर पाणी घालायचं, ओवाळायचं, मग काठी आडवी करून देवाला टेकू द्यायचं. पिढ्यान् पिढ्या काठीचा बुंधा टेकून त्यांच्या अंगणातल्या एका दगडाला वाटीसारखी खळी पडली आहे. पिंकी त्या खळीत चिमण्यांना पाणी ठेवते. भावकीत त्या खळीच्या मानावरून एके काळी डोकी फुटली होती म्हणतात.

लाइन सुरू झाली. पहिल्या दिवशी पूनम घरात, भिंतीला पाठ लावून, पंख्याखाली बसली. दुर्गाबाई सवयीने छत्री घेऊन तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, आणि दोघींना एकदमच हसू फुटलं. घर कसं स्वप्नातल्यासारखं झालं होतं. कोपऱ्यात इंटरनेटच्या डबीवर हिरवा ठिपका लुकलुकायचा, दाराशी बैल रवंथ करायचे, आणि आतून पूनमचा आवाज कुणा परक्या शहरातल्या घाबऱ्या माणसाला धीर देत राहायचा. ओसरीवर मी आणि दुर्गाबाई डाळ निवडत ऐकायचो. दुर्गाबाईंना त्यातलं अर्धं कळायचं नाही, पण फोन ठेवल्यावर त्या आत डोकावून विचारायच्या की त्या माणसाचा बाप बरा झाला का.

जत्रेच्या आदल्या आठवड्यात नानासाहेबांनी मान वर केली आणि त्यांना तार दिसली. नानासाहेब म्हणजे दत्तोबांचे चुलतभाऊ आणि जत्रेचे कारभारी. माणूस वाईट नाही. देवळात बैठक बसली. नानासाहेबांचं म्हणणं सरळ होतं: काठी कलणार नाही, तेव्हा तार निघेल. प्रज्वलला बोलावलं होतं. त्याने काकुळतीने सांगितलं की तारेला खाली सोडण्याइतकी ढील नाही, रस्त्यावर पाडली तर पायांखाली काच मोडेल, आणि तोडली तर जोडणारं मशीन इकडे कधी मिळेल याचा भरवसा नाही. खालून न्यावी तर सिमेंटचा रस्ता नुकताच झालेला, खणायला बंदी. कुणी तरी चिडवलं, भावा, मग देवालाच ऑनलाइन ने. हसणं झालं. पूनमचे ते परीक्षेचे आठवडे चालू होते, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. लाइन तुटली की चिखली. पण देवासमोर एका सुनेच्या नोकरीची गोष्ट कोण काढणार? दत्तोबा स्वतःचे तळहात बघत बसले होते. दुर्गाबाई मागे बायकांत होत्या. नानासाहेबांनी ठरवून टाकलं, काठी विहिरीपाशी आली की वाडीतला तरणा दिग्विजय खांबावर चढून कोयत्याने तार तोडील.

जत्रेचा दिवस. दुपारचं ऊन असं पांढरं की घरं पातळ कापडावर रंगवल्यासारखी हलत होती. मी दुर्गाबाईंच्या घरी गेले तर अंगण झाडलेलंसुद्धा नव्हतं. सडा नाही, रांगोळी नाही. खळीच्या दगडावर चिमणी बसलेली. दार लोटलेलं, आत पूनमचं काम चालू. तिला सुट्टी नव्हती, आणि ही लाइन थोड्याच वेळाची पाहुणी आहे हे तिला माहीत होतं. तिचं सामानही अर्धं बांधून झालं होतं.

खुंटीवर छत्री होती. ऊन बघून मी ती घेतली आणि खाली विहिरीकडे निघाले.

दुर्गाबाई तिथे होत्या. बरोबर तारेखाली, भर रस्त्यात, त्यांनी पाणी शिंपडलं होतं, रांगोळी काढली होती आणि घरातली ती काळी घोंगडी अंथरली होती. शेजारी पाण्याची कळशी, आरतीचं ताट. नथ घालून, पदर डोक्यावर घेऊन त्या घोंगडीच्या कडेला बसल्या होत्या. मी छत्री उघडली आणि त्यांच्या मागे उभी राहिले.

आधी काठी दिसली, मग माणसं. कौलांवरून, पत्र्यांवरून तो मोरपिसांचा तुरा एकटाच तरंगत येत होता, जणू खाली कुणी नाहीच, देव आपल्या पायांनी आपला येतोय. मग हलगी ऐकू आली, गुलाल दिसला. वळणावरून गर्दी पुढे आली आणि रांगोळीपाशी थबकली. हलगी बंद पडली. दिग्विजयच्या हातात कोयता होता. तो त्याने हळूच पाठीमागे नेला.

नानासाहेब पुढे आले. त्यांना क्षणात सगळं समजलं, पण समजल्याचं दाखवणं त्यांना जड गेलं.

"वैनी, विसावा तुमच्या अंगनात आसतो. वाटंवर न्हाई."

"व्हय भावजी. औंदा देव हितंच दमलाय."

"वाटंत विसावा एकच आसतो. हितं टेकला तर वर तुमच्या दारात टेकनार न्हाई. मान जाईल तुमचा. इचार केलाय का?"

"केलाय," दुर्गाबाई म्हणाल्या. "दगुड हाय की आमच्याकडं. चिमण्या पानी पित्यात त्यातनं."

नानासाहेबांनी दत्तोबांकडे पाहिलं. शेवटी काठी ज्याच्या कमरेला, शब्द त्याचा. दत्तोबांचं अंग घामाने निथळत होतं. त्यांच्या वडिलांनी, आज्याने त्या अंगणातच देव टेकवला होता. त्यांनी वर तारेकडे पाहिलं, खाली घोंगडीकडे पाहिलं, मग बायकोकडे. दुर्गाबाईंनी कळशी तिरकी केली आणि पाणी दत्तोबांच्या पायांवर पडलं.

"घ्या खाली," दत्तोबा म्हणाले.

मी आयुष्यात पुष्कळ प्रवेश पाहिले. असा नाही पाहिला. बुंधा घोंगडीवर टेकला आणि काठी मागे, गर्दीवर, हळूहळू उतरू लागली. शेकडो हात वर झाले. तुरा आभाळातून अलगद खाली आला. ज्या पोरांनी तो तुरा नेहमी ढगांपाशी पाहिला होता त्यांच्या गालांना आज मोरपिसं लागली. पिंकीने तर एक पीस मुठीत घट्ट धरलं. दुर्गाबाईंनी ओवाळलं, गूळपाणी वाटलं. आणि देव निवांत पडून राहिला. त्याच्यावर आभाळात ती एक काळी बारीक रेघ, तिच्यातून त्याच क्षणी उजेड चालला होता.

नानासाहेबांनी गूळपाणी घेतलं. मिशा पुसत ते म्हणाले, बरोबर आहे, विसाव्याला काठी आडवीच असते, तिला कलली म्हणत नाहीत. मग त्यांनी स्वतः खांदा लावला. आडवी काठी तारेखालून पुढे गेली, पलीकडे उभी राहिली, हलगी कडाडली, आणि तुरा पुन्हा छपरांवरून तरंगत टेकडीकडे निघाला. दुर्गाबाईंच्या अंगणासमोरून तो न थांबता गेला. त्या वेळी त्यांनी खाली विहिरीपाशी पाठ फिरवून घोंगडी झटकायला घेतली. खूप वेळ झटकत होत्या.

आम्ही वर आलो तेव्हा दाराआडून पूनमचा आवाज येत होता: जी, मैं लाइन पर हूँ, आप आराम से बताइए. दुर्गाबाई उंबऱ्याशी थांबून ऐकत राहिल्या. आत डबीवरचा हिरवा ठिपका लुकलुकत होता. मग त्यांनी खळीतलं शिळं पाणी ओतलं, कळशीतलं उरलेलं ताजं भरलं, आणि माझ्याकडे वळल्या. छत्री अजून माझ्या हातात होती. खुंटीवर लावायला मी पुढे झाले, तर त्यांनी हाताने अडवलं.

"छत्री तुमीच घिऊन जावा, ताई. आमच्यात आता उन्हात बसनारं कुनी न्हाई."