खोट्या पडलेल्या भाकिताचा गूळ

जानेफळला भाचीच्या बाळाच्या बारशाला गेले होते. पाळण्याची दोरी हातात होती आणि पुतण्या दारात येऊन उभा राहिला. घरून, वरवट बकालहून, एवढ्या लांब तो उगाच येणार नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच समजलं. मी एकच विचारलं, "तरास झाला का रे काकायले?"

"नाई काकू. जेवले, सुपारी कातरली, ओसरीवर आडवे झाले... चहाले उठवाले गेलो तं..."

खरं सांगते, आधी मला सुटल्यासारखं वाटलं. रडू मागून आलं, आणि बरंच आलं. पण आधी सुटका. ज्या माणसाला बर्फ गिळेल म्हणून मी कितीतरी हिवाळे जीव मुठीत धरून काढले, तो चैत्रातल्या दुपारी, भरल्या पोटी, आपल्या घरच्या ओसरीवर गेला. आणखी काय मागायचं देवाजवळ?

माझे यजमान नारायणराव हवामानाच्या नोंदी ठेवण्याच्या नोकरीत होते. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं, जो तो मुंबईला बदली मिळावी म्हणून खटपट करी. आमच्या ह्यांनी मागून घेतलं काश्मीर. गुलमर्गच्या पलीकडे डोंगरात एक लहानशी स्कीची शाळा होती, तिथे. पायांना फळ्या बांधून बर्फावरून घसरायचं शिकवणारी शाळा असते, हे माहेरी सांगितलं तेव्हा आईने जावयाच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला होता. ह्यांचं काम म्हणजे सकाळी उठून रोवलेल्या खांबावर बर्फ किती चढलं ते पाहायचं, फावड्याने खड्डा खणून आतले थर तपासायचे आणि शाळेच्या दारातल्या फळ्यावर आजचं बर्फ कसं आहे, उद्याचं कसं असेल, ते लिहायचं. बर्फ म्हणजे पांढरं आणि गार, एवढीच माझी समजूत. तिथे गेल्यावर कळलं की ते दिवसातून चारदा स्वभाव बदलतं. पहाटे वर कडक पापुद्रा, उन्हं चढली की ओलं आणि चिकट, मग फळ्या पुढे सरकत नाहीत, पोरं तोंडावर पडतात. रात्री वारा सुटला की एका उतारावरचं उचलून दुसऱ्या उतारावर नेऊन ठेवतो. आणि आमचे हे फळ्यावर हमखास वाईटच लिहायचे. 'उद्या जपून'... 'वरच्या अंगाला जाऊ नये'... दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडे. शिकायला आलेली पोरं त्यांना 'मनहूस साहब' म्हणत, आणि तेही शाबासकी मिळाल्यासारखे हसत.

ह्याचं मूळ भेंडवळच्या घटमांडणीत होतं. अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडायचा, दुसऱ्या दिवशी पहाटे पावसापाण्याचं भाकीत ऐकायचं. माझे सासरे दरसाल ह्यांना घेऊन पायी जात. भाकीत वाईट निघालं की सगळे मान खाली घालून परतत. सासऱ्यांची मात्र एक तऱ्हा होती. ते वाईट भाकीत पुढे खोटं पडलं, तर ते गल्लीत घरोघर गूळ वाटत. खरं ठरल्याचा गर्व लोक करतात, खोटं ठरल्याचा आनंद करणारं तेवढं एकच घर मी पाहिलं, आणि नेमकी त्याच घरात पडले. काश्मीरला जाताना आमच्या सामानात गुळाची ढेप असायचीच.

एका वर्षी माघात दोन दिवस सारखं बर्फ पडलं आणि मग आभाळ असं निवळलं की डोळे दिपावे. शाळेत शर्यती ठरल्या होत्या, दिल्लीहून पाहुणे आलेले. ह्यांनी सकाळी वरच्या उतारावर खड्डा खणला. जुन्या बर्फाचा खालचा थर साखरेसारखा सुटा झाला होता आणि त्यावर हे नवं जड ओझं बसलं होतं, धक्का लागला की सगळा उतारच कोसळून खाली यावा असं. त्यांनी वरच्या उताराला लाल निशाण लावलं, म्हणजे तिथे कुणी जायचं नाही. शाळेचे मेजरसाहेब संतापले, पोरं चिडली, पाहुणे घड्याळं पाहू लागले. दुसऱ्या दिवशीही ऊन, दुसऱ्या दिवशीही निशाण. त्या संध्याकाळी मीच तोंड सोडलं.

"काऊन हो एवढा हट्ट? नोकरी जाईन ना! पडनच का ते बर्फ?"

"मले मालूम नाई," ते म्हणाले. "पडलं तं खाली पोरं असतीन, एवढं मालूम हाये."

शर्यती झाल्याच नाहीत. पाहुणे गेले. नंतर बर्फ हळूहळू बसलं, ह्यांनी पुन्हा खणून पाहिलं आणि स्वतः जाऊन निशाण काढून आणलं. एक ढेकूळसुद्धा खाली आलं नाही! सगळी शाळा हसली. हे मात्र ढेप फोडून मेसमध्ये हजर. मेजरसाहेबांनी खडा हातात घेऊन विचारलं, "किस ख़ुशी में?"

"साहब, कुछ नहीं हुआ, इसी ख़ुशी में।"

मेजरसाहेबांनी तो खडा ताटाच्या कडेला ठेवला. उन्हाळ्यात बदली आली, सोबत शेराही, की हा माणूस फाजील भित्रा आहे. मला राग आला होता, आजही आहे. मात्र त्यानंतर कुठल्याही डोंगराखाली उभं राहायची पाळी माझ्यावर आली नाही, म्हणून त्या शेऱ्याला मी मनातून हातही जोडलेत. पुढे बुलढाण्याला डॉक्टरांनी ह्यांच्या हृदयाबद्दल सांगितलं, "दिवाळी कठीण आहे." दिवाळी झाली, संक्रांत झाली, आणि हे गुळाची पुडी घेऊन दवाखान्यात! डॉक्टर आधी गोरेमोरे झाले, मग पोट धरून हसले.

तेरावं उरकल्यावर नागपूरचा एक गृहस्थ आला, सोबत सहासात वर्षांची मुलगी. त्या शर्यतींसाठी आलेल्या पोरांत तो होता, सगळ्यांत वेगाने उतरणारा. "लय शिव्या देल्या होत्या मी त्यायले," म्हणाला. मग बराच वेळ अंगणात खेळणाऱ्या मुलीकडे पाहत बसला. "वहिनी, खरंच कोसळलं असतं का हो ते?"

"त्यायलेही मालूम नव्हतं, भाऊ."

त्याने मान हलवली. मग पोटभर जेवला. निघताना मी फाटकापर्यंत गेले आणि तोंडातून आपोआप निघालं, "पोचल्यावर कार्ड टाका." हे ह्यांचं वाक्य. घरून गेलेला कुणीही पोचल्याची खबर येईस्तोवर ह्यांचा घास अर्ध्यावर थांबायचा, आणि त्यावरून मी त्यांना कितीदा टोचलं असेल!

परवा कार्ड आलं. खाली त्या पोरीने वेडंवाकडं आपलं नाव काढलंय. वर एकच ओळ, 'आम्ही दोघं सुखरूप पोचलो.' ओसरीवर कुणी नव्हतं, तरी मी ती मोठ्याने वाचली... आणि मग जेवायला बसले.