पहिल्या आठवड्याचे चार किलो

मल्हारीनं चाळीस वर्षं पाचोडच्या बाजारात बकऱ्या विकल्या. त्याची लेक सुकेशनी शहरात जिमला जायला लागली. पहिल्याच आठवड्यात चार किलो उतरले. पुढं काटा हलेना, म्हणून तिनं भाकरीच सोडली अन् चक्कर येऊन पडली.

मल्हारी तडक जिममध्ये गेला. ट्रेनर म्हणाला, "सुरुवातीला रिझल्ट मस्त होता, काका. आता मॅडमच ढिल्या पडल्या."

मल्हारी भडकला. "अरे, ते पाणी गेलं होतं! बाजाराला चालवत आणलेली बकरी वाटंतच दोन किलो उतरती, पाणी पिली की भरती. चरबी दमानंच जाती, हे तिला का नाय सांगितलं? बकरीला पाणी पाजून तोललं तर लोक आम्हाला लबाड म्हणतेत. तू पोरीचं गेलेलं पाणी चरबी म्हणून मोजलंस. मग तुला काय म्हणावं?"