सान ब्लासमधली एकादशी

शिकागोजवळ, नेपरव्हिलच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, सुनेत्राकाकू बाहेरचं खात नाहीत. अमेरिकेत नव्यानं आल्या तेव्हा एका हॉटेलात घेवड्याची उसळ समजून त्यांनी बीन्स खाल्ले, आणि त्यात डुकराची चरबी निघाली. तेव्हापासून पर्समध्ये डबा. लग्न असो, ग्रॅज्युएशन असो, काकू कोपऱ्यात बसून आपली पोळीभाजी खाणार.

त्यांच्या यजमानांचं, गुरुनाथकाकांचं मात्र एकच मागणं होतं. शिकागोच्या कारखान्यात त्यांचा जन्म मेक्सिकन सोबत्यांबरोबर गेला. त्यांच्याकडून ते स्पॅनिश शिकले, त्यांच्या गावांच्या गोष्टी ऐकल्या. अशाच एखाद्या समुद्रकाठच्या गावी बायकोला न्यायचं आणि एका टेबलावर समोरासमोर बसून दोघांनी जेवायचं, एवढंच.

यंदा बर्फाला कंटाळून आम्ही चौघं मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या सान ब्लासला गेलो. काका, काकू, मी आणि माझे यजमान राजीव. निघताना काकूंनी शब्द दिला होता, "बुधवारी जेवीन. गुरुवारी एकादशी आहे."

गावात पोचल्यापासून काकांचं एकच काम. दिसेल त्या खानावळीच्या स्वयंपाकघरात डोकवायचं, बीन्स कशात परतता ते विचारायचं आणि मान हलवत बाहेर यायचं.

"काका, लोक तुम्हाला हेल्थ इन्स्पेक्टर समजतील," राजीव म्हणाले.

शेवटी वाळूवर झावळ्यांच्या छपराखाली लुपेबाईंची खानावळ सापडली. बीन्स तेलातले, आणि काकूंसाठी तवा वेगळा घासून देते म्हणाल्या. बुधवार दुपारचं टेबल ठरलं. काका त्या रात्री गुणगुणत होते.

बुधवारी सकाळी नुसता चहा घेऊन होडीतून खाडीत गेलो. दोन्ही बाजूंना खारफुटी, तिच्या मुळ्या पाण्यात पाय सोडून बसल्यासारख्या. ओंडक्यावर कासवं ओळीनं ऊन खात होती. एक मगर तोंड उघडं टाकून पडली होती.

"आमच्या नणंदबाई दुपारी अशाच झोपायच्या," काकू म्हणाल्या, आणि होडी हलेपर्यंत आम्ही हसलो.

होडी शेवटी गोड्या पाण्याच्या झऱ्यापाशी थांबली. तळाची वाळू दिसावी इतकं नितळ पाणी. काकूंनी ओंजळ भरली, सूर्याला दिली, डोळ्यांना लावली. मीही लावली. देव असा कुठंही भेटतो.

किनाऱ्याला परतलो आणि काकूंच्या फोनला रेंज आली. आमच्या मंदिराचा मेसेज होता. आज एकादशी.

काकू मटकन बाकावर बसल्या. मंदिराचं कॅलेंडर या वर्षी मिळालं नव्हतं, म्हणून त्यांनी पुण्याहून आलेलं भिंतीला लावलं होतं. तिथली तिथी तिथल्या सूर्योदयाची. आमच्याकडे ती एक दिवस आधीच आली होती.

"असू दे गं," काका म्हणाले. "पुढच्या वर्षी येऊ."

"अहो, आपल्या वयाला पुढचं वर्ष कोणी सांगितलंय? आणि आज मी डबासुद्धा आणला नाही."

तरी खानावळीत गेलो, निदान सांगायला. काकांनी लुपेबाईंना समजावलं. धान्य नाही, मका नाही, बीन्स नाहीत, कांदा-लसूण नाही.

लुपेबाईंनी कमरेवर हात ठेवले. काकांनी हसत आम्हाला अर्थ सांगितला, "विचारतायत, मग देव खातो काय?"

"रताळं, शेंगदाणे, नारळ, राजगिरा," काकू पुटपुटल्या. काकांनी त्यातलं येईल तेवढं सांगितलं, राजगिऱ्याला मात्र अडले.

बाई आत गेल्या. थोड्या वेळानं टेबलावर निखाऱ्यात भाजलेली रताळी आली, वर गुळाचा पाक. भाजलेले शेंगदाणे, ओल्या नारळाचे काप, पपई. आणि एक चौकोनी वडी. काकूंनी तुकडा मोडला, हुंगला, जिभेवर ठेवला.

"कांचन, खाऊन बघ. राजगिऱ्याची वडी आहे गं ही," त्या मला म्हणाल्या.

लुपेबाई म्हणाल्या, ही तर आमच्याकडे कितीतरी पिढ्यांची.

काकांनी आपली मागवलेली थाळी राजीवकडे सरकवली. "मीही उपासाचंच खातो."

"तुम्ही? जन्मात कधी एकादशी धरली नाहीत."

"जेवायचं दोघांनी ठरलंय ना?"

मग दोघं समोरासमोर बसून एकाच ताटातली रताळी खाऊ लागली. काकूंनी पाक बोटानं निपटला आणि अजून मागवला. उपास मलाही होता. राजीव दोन थाळ्या संपवण्यात गुंतले होते.

निघताना लुपेबाईंनी विचारलं, उद्या येणार का?

काकूंनी मनाशी हिशेब केला. "उद्या तर द्वादशी. उपास इथंच सोडू. अहो, ते बीन्स तेलातलेच ना? परत एकदा विचारा."

काका लगेच आत गेले.