सर लेट झाले

स्मृतिलेख म्हणून तुम्ही रुमाल काढून बसला असाल, तर तो खिशात ठेवा. ठोंबरे सर मले आवडत नव्हते. महिन्याआधी शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला, 'ठोंबरे सर लेट झाले.' खाली एकानं लिहिलं, 'येऊ द्या आरामात.' असं इंग्रजी शिकवून गेले आमचे सर...

उमरेडच्या आमच्या शाळेत त्यांचा एक महान शोध होता. लेट म्हणजे उशीर, लेट म्हणजे मेलेला, अन् दोन्ही आले आपण दुपारी जेवून लेटतो ना, त्यातून. "जो लेटला तो लेट होतो. जो उठतच नाही, तो कायमचा लेट." हे ते नाकातून, चष्मा कपाळावर ढकलून सांगत. जसा काही इंग्रजांनी तो शब्द यांच्या खाटेवरून उचलून नेला. अन् उशिरा आलेल्या पोराले वर्गासमोर फरशीवर लेटवत. सातवीत मी लेटलो. पोरी हसून राहिल्या होत्या. सर वाकून म्हणाले, "काहून गा, उशी आणू?" तेव्हाच ठरवलं, या माणसाची पोल खोलायची.

नागपूरले शिकायले आलो अन् लायब्ररीत जाडी डिक्शनरी काढली. शब्द पक्का इंग्रजांचाच. आधी अर्थ होता मंद, सुस्त. मग उशिराचा, मग अलीकडचा, अन् त्यातून नुकताच गेलेला. खाटेचा कुठंच पत्ता नाही. सर कच्चे निघाले.

मागच्या रविवारी इथंच नागपूरले, धरमपेठेत, रिटायर झाल्यावर घेतलेल्या त्यांच्या घरी शोकसभा झाली. ज्यांनी त्यांले जन्मभर 'खाट सर' म्हटलं, तेच एकेक उठून 'प्रकांड पंडित' म्हणून राहिले होते. मी उभा झालो. नसलेला चष्मा कपाळावर ढकलला अन् लेटचं अख्खं लेक्चर नाकातून दिलं, पार 'उशी आणू?'पर्यंत. मग माझ्या आवाजात डिक्शनरी सांगितली. लोक आधी तोंड दाबून, मग मोकळे हसले. खोलली एकदाची पोल.

बाहेर चपला शोधून राहिलो होतो, तर सरांच्या बायकोनं, काकूंनी, माझा दंड धरला. मले वाटलं, आता डिक्शनरीवरून भांडतात.

"दोन वर्षं वाचा गेली होती त्यांची," त्या म्हणाल्या. "पाणी पाहिजे तर वाटी वाजवत. मी त्यांचा आवाज विसरून गेली होती. अन् तू तो घेऊन गावभर फिरून राहिला होता? बेशरमा, एकदा घरी येता नाही आलं तुले?"