उजनीच्या पाण्यात टूनाची तयारी

गळ टाकून बसणाऱ्यांकडे किस्से फार साठतात. साहजिक आहे! मासा मिळत नाही, आणि घरी जाऊन काहीतरी सांगावं तर लागतं. आमच्या तिघांच्या कंपूत तर माशांपेक्षा किस्सेच जास्त. मी इंदापुरात मोटारी रिवाइंड करतो, तात्यांची उजनीच्या पाण्यावर स्वतःची होडी आहे आणि माने सर रिटायर्ड मुख्याध्यापक. या सगळ्याचं मूळ सरच.

झालं असं, की सरांचा मुलगा अमेरिकेत. त्याचे सासरे तिकडचेच, हौशी माणूस, स्वतःची बोट. एका व्हिडिओ कॉलवर त्यांनी समुद्रात धरलेला हातभर लांबीचा मासा दाखवला, अल्बाकोर जातीचा टूना. सरांना राहवेना. म्हणाले, "अहो, मीपण दर रविवारी होडीतून मासे धरतो!"

दर रविवारी सर होडीत बसायचे हे खरं. पण भेळ खायला!

व्याही खूश. "मग जुलैत याच. आपण दोघं टूनाला जाऊ."

सर दुसऱ्या दिवशी दुकानात आले तेव्हा चेहरा उतरलेला. "पोराच्या सासऱ्यासमोर शब्द गेलाय रे. आयुष्यात एक मासा धरलेला नाही मी." माणूस खरंच घाबरला होता. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

*

सरांनी अभ्यास सुरू केला. व्हिडिओ पाहून वहीत नोट्स! मग कुरिअरनं नकली आमिषं मागवली, रबरी झालरीची आणि पिसांची. तात्यांनी एक उलटंपालटं करून बघितलं.

"ह्यो मासा खातो?"

"खात नाही तात्या, फसतो."

तात्यांनी डबा झाकला. "आत्तापातूर कोण फसलंय, ते दिसतंयच की!"

*

अल्बाकोरला म्हणे बोट थांबवायची नाही. दोरी मागं सोडायची, बोट पळवायची, की मासा आमिषामागं येतो.

तात्यांना पटेना. "आख्खा जल्म मी माशामागं पळालो. आन आता मासा माझ्यामागं पळणार व्हय?"

तरी त्यांनी इंजिन सुरू करून होडी पळवली. पाच मिनिटांत गळाचा रॉड वाकला! सर उभे राहून व्हिडिओतल्यासारखं ओरडले, "फिश ऑन! मासा लागला!" होडी डुलली, तात्यांनी सरांचा शर्ट धरला. मी दोरी ओढायला लागलो. भलतंच वजन. वर आला तो एका ऊसवाल्याच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह, पाण्यात सोडलेल्या पाइपाच्या टोकाला असतो तो.

मी लगेच ओळखला. गेल्याच महिन्यात मीच बसवला होता!

काठावरून मालक जे बोलला ते इथं लिहिता येत नाही. तो सोडवायच्या ओढाताणीत आमिषांच्या झालरी पार फाटल्या. सर हवालदिल. व्हिडिओत लाल-हिरव्या झालरीचं कौतुक होतं आणि नेमकी तीच गेली.

तात्या म्हणाले, "त्यात काय! लाल-हिरव्या लोकरीचा गोंडा आणा. ट्रॅक्टरला बांधत्यात, तसला. हितंच गळाला बांधून देतो."

*

त्याच आठवड्यात सरांचे धाकटे भाऊ, भाऊसाहेब, जळालेली मोटार घेऊन कळंबहून दुकानात आले. मोटारीपेक्षा जास्त तेच तापलेले.

"नव्या ट्रॅक्टरचा गोंडा गेला! बायकूनं सोताच्या हातानं इणल्याला, मधी पिवळा मनी घालून. शेजाऱ्याचंच काम हाय. त्याला बांधावरनं जायचं बंद केलंय आजपासनं!"

सर शेजारीच चहा पीत बसले होते. त्यांनी मान हलवली. "माणसांची नियत राहिली नाही हल्ली. शाळेत संस्कार कमी पडतात, दुसरं काय!"

*

रविवारी सरांनी पिशवीतून गोंडा काढला. लाल-हिरवा. "बाजारात मिळाला," म्हणाले, कुणी विचारलेलं नसताना. मधल्या पिवळ्या मण्याकडं मी बघितलं, तात्यांनी बघितलं, आणि आम्ही दोघांनी पाण्याकडं बघितलं.

तात्यांनी तो गळावर पक्का बांधला. त्या दिवशी त्याच्यावर एक मरळ झेपावली. होडीपर्यंत आली आणि सुटली. सरांचे डोळे भरून आले. "लागली होती ना? तुम्ही पाहिलीत ना?"

"पाह्यली की सर," तात्या म्हणाले. "ह्योच घिऊन जावा."

*

जुलैत सर गेले. जाण्याआधी त्यांनी 'टूना मोहीम' नावाचा ग्रुप काढला होता. त्यात आम्ही दोघं, भाऊसाहेब आणि सगळा गोतावळा.

दहा दिवस ग्रुपवर सामसूम. आम्हाला धाकधूक. तात्या रोज दुकानात डोकावून विचारायचे, "सरांचं काय कळलं का?"

अकराव्या दिवशी फोटो आला! सर नारंगी जाकिटात, दोन्ही हातांवर चांगला थोरला अल्बाकोर. मागं व्याही टाळ्या वाजवतायत. माशाच्या जबड्यातून लाल-हिरवा गोंडा लोंबतोय. खाली सरांनी लिहिलं होतं, "व्याह्यांच्या गळाला आज काहीही नाही!"

ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस. तात्यांनी आवाजी मेसेज टाकला, "सर, जिकलासा!" मला तर दुकानात नाचावंसं वाटलं.

भाऊसाहेबांच्या नावाखाली मात्र 'टायपिंग' बराच वेळ दिसत राहिलं. मग मेसेज आला.

"अण्णा, अभिनंदन. फोटो जरा जवळनं काढून पाठव. माशाचा नगं, गोंड्याचा."